घराचा नकाशा आणि हक्कांची आखणी



दिव्य कुरआनच्या सूरह नहलमधील ८० व्या आयतीत अल्लाहने मानवाला आपल्या देणग्यांची आठवण करून देताना घराचा उल्लेख केला आहे. तेथे 'सकन' हा शब्द आला आहे. जेथे जिवाला स्वस्थता लाभते, ते सकन. भिंती आणि स्लॅब कोणताही चांगला मिस्त्री उभारून देईल. त्यांच्या आत स्वस्थता नांदेल की नाही, हे मात्र पुष्कळ अंशी नकाशा कागदावर उतरतानाच ठरून जाते. कारण नकाशातील प्रत्येक रेषा कोणाला तरी जागा देते किंवा कोणाची तरी जागा घेते. म्हणून घराची आखणी ही हक्कांची आखणी होय.

वाशीम-पुसद मार्गावरील अनसिंगसारख्या गावात पावसाळा सरला, सोयाबीनचा पैसा हाती आला, की बांधकामाच्या गोष्टी निघतात. जुने मातीचे घर उतरवून त्या जागी पक्के घर बांधायचे ठरते. हॉल केवढा असावा, जिना आतून की बाहेरून, अंगणात गाडी मावेल का, यावर दिवसचे दिवस चर्चा चालते. ही चर्चा गैर नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माणसाच्या सौभाग्याच्या चार गोष्टींमध्ये प्रशस्त घराची गणना केली आहे, असे हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या कथनात आहे. परंतु या चर्चेत काही प्रश्न निसटतात, आणि ज्यांचा जाब अल्लाहपुढे द्यावा लागेल असे प्रश्न बहुधा तेच असतात.

पहिला प्रश्न जागेचा आहे. वडिलांचे निधन होते, गावठाणातील घर भावांच्या नावे होते आणि बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बहीण सही करते, कारण माहेरचा उंबरठा तिला तोडायचा नसतो. कागद पूर्ण होतो. पण अल्लाहपाशी हिशेब पूर्ण होतो काय? सूरह निसाच्या ७ व्या आयतीने, मालमत्ता थोडी असो वा जास्त, स्त्रियांचा वाटा निश्चित केला आहे. ११ व्या आयतीने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिला आहे आणि १२ व्या आयतीने अपत्य असलेल्या विधवेला आठवा हिस्सा दिला आहे. कर्ज आणि वसीयत यांची पूर्तता झाली, की हा वाटा त्यांचाच असतो. भावाच्या कृपेवर तो अवलंबून नसतो. संकोचापोटी झालेली सही म्हणजे खुशीचे दान नव्हे. वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचा फास पडेल, असा इशारा हजरत सईद बिन जैद (रजि.) यांनी प्रेषितांकडून ऐकून सांगितला आहे. तेव्हा चुना टाकून आखणी करण्यापूर्वी जागेची किंमत काढा, बहिणीचा वाटा तिच्या हाती द्या. त्यानंतर तिने तो आनंदाने परत केला, तर तो तिचा उपकार ठरेल. तोपर्यंत तुमचा पाया तिच्या जमिनीत आहे.

दुसरा प्रश्न शेजाऱ्याचा. गल्लीत जिन्याच्या दोन पायऱ्या सरकवणे, ओटा फूटभर पुढे घेणे, सांडपाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे सोडणे या गोष्टी आपल्याला क्षुल्लक वाटतात. रस्त्याविषयी मतभेद झाल्यास सात हात रुंदी सोडावी, असा निर्णय प्रेषितांनी (स.) दिल्याचे हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात. सात हात म्हणजे सुमारे साडेदहा फूट. आजारी माणसाला दवाखान्यात नेणारी गाडी आणि जनाजा, दोन्ही याच गल्लीतून जायचे असतात. सांडपाण्याचाही विचार हवा. आपल्या काळ्या मातीत पाणी सहज मुरत नाही, म्हणून शोषखड्डा मुरूम लागेपर्यंत खोल घ्यावा. वरवरचा खड्डा भरला, की ते पाणी दुसऱ्याच्या दारात जाते.

माडी आणि खिडक्यांबाबतही हेच. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात इजिप्तमधील फुस्तात हे शहर वसत होते, तेव्हा हजरत खारिजा बिन हुजाफा (रजि.) यांनी घरावर माडी बांधली. तेथून शेजाऱ्यांच्या खासगी जीवनात नजर जाईल म्हणून खलिफांनी ती उतरवण्यास लिहून पाठवले, अशी नोंद इतिहासकार इब्न अब्दुल हकम यांनी केली आहे. पुढे चौदाव्या शतकात ट्युनिसचे इब्नुर्रामी यांनी बांधकामाच्या शरई नियमांवर ग्रंथच लिहिला. ते स्वतः गवंडी होते. दारे, खिडक्या, सामाईक भिंती आणि सांडपाणी हे त्यांच्या ग्रंथाचे विषय. धर्म मशिदीच्या दारात संपतो असे त्यांना वाटले नाही.

तिसरा प्रश्न घरातील स्त्रियांचा आहे आणि येथे आपल्याकडून मोठा अन्याय घडतो. पडद्याच्या नावाखाली स्वयंपाकघर सर्वांत मागच्या, अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलले जाते. खिडकी ठेवली तर तीही कायमची बंद. उन्हाळ्यात आपल्या भागात पारा चाळिशीपार जातो. त्या दिवसांत हॉलमध्ये कूलर चालतो आणि जी माउली दिवसाचे सर्वाधिक तास घरात घालवते, ती चुलीपुढे घामाने निथळत असते. शरीअतने असे सांगितलेले नाही. प्रवेशाची परवानगी घेण्याचा नियम नजरेमुळेच घालून दिला आहे, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केल्याचे हजरत सहल बिन साद (रजि.) सांगतात. ते स्वतः कोणाच्या घरी गेले, तर दारासमोर उभे न राहता उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहत. म्हणजे अडवायची आहे ती नजर. उजेड आणि वारा अडवण्याचा आदेश कोठेही नाही.

नकाशात हे साधणे कठीण नाही. मुख्य दार आणि आतल्या खोलीचे दार एका रेषेत ठेवू नका. बैठक दाराजवळच घ्या आणि तिला स्वतंत्र मोरी द्या, म्हणजे पाहुण्यांसाठी आतल्या माणसांना खोल्या बदलाव्या लागणार नाहीत. जुन्या वाड्यांतील ओसरी, माजघर आणि परसदार यांची रचना हेच काम करीत असे. गल्लीकडील खिडकीचा तळ डोक्याच्या उंचीवर घ्या, परसदाराकडील खिडक्या मोठ्या ठेवा. पश्चिमेची भिंत दुपारच्या उन्हाने तापते. त्या बाजूला जिना, कोठीची खोली, न्हाणीघर जाऊ द्या. स्वयंपाकघर पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो. कठडा नसलेल्या छतावर झोपण्यास हदीसमध्ये मनाई आहे. कठडा पुरेसा उंच असेल, तर मूल पडणार नाही आणि शेजाऱ्याचे अंगणही नजरेपासून सुरक्षित राहील.

चौथा प्रश्न वृद्धांचा आणि मुलांचा. म्हाताऱ्या आईवडिलांना वरच्या मजल्यावर किंवा जिन्याखालच्या खोलीत ठेवून सूरह बनी इस्राईलच्या २३ व्या आयतीतील सद्वर्तनाचा आदेश कसा पाळला जाईल? त्यांची खोली तळमजल्यावर, उजेडाची असावी. वुजूची जागा आणि शौचालय रात्री भिंतीला धरून गाठता येईल इतके जवळ असावे. सूरह नूरच्या ५८ व्या आयतीने फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीत आणि इशानंतर मुलांनाही परवानगी घेऊन आत येण्यास सांगितले आहे. दहा वर्षांच्या वयात मुलांची अंथरुणे वेगळी करण्याचाही आदेश आहे. पतिपत्नीच्या खोलीला दारच नसेल, किंवा तिच्यातूनच इतरांची ये-जा असेल, तर हे आदेश पाळायचे कोठे?

पाचवा प्रश्न किबल्याचा. आपल्या भागातून काबागृहाची दिशा नेमकी पश्चिम नाही; ती पश्चिमेपासून सुमारे ९ अंश उत्तरेकडे आहे. दरवर्षी २७ किंवा २८ मे रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी सुमारे २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काबागृहाच्या थेट माथ्यावर असतो. त्या क्षणी प्लॉटवर सरळ काठी रोवा. तिची सावली ज्या बाजूला पडेल, त्याच्या नेमक्या उलट किबला. शौचास बसताना किबल्याकडे तोंड किंवा पाठ करू नये, असे हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या कथनात आहे. हनफी मतानुसार हा नियम घराच्या आतही लागू आहे, म्हणून भांडे दक्षिणोत्तर बसवावे. शौचालय घराच्या पश्चिम भागात असण्यास मात्र हरकत नाही. दिशांवरून भरभराट किंवा अरिष्ट ठरते, हा शकुनविचार इस्लामला मान्य नाही. ऊन आणि वारा पाहून दिशा ठरवणे हा शहाणपणा आहे.

नमाजसाठी एक कोपरा अवश्य राखा. हजरत इतबान बिन मालिक (रजि.) यांची दृष्टी क्षीण झाली होती, आणि पावसात ओढ्याला पाणी आले की त्यांना मशिदीत जाता येत नसे. त्यांनी प्रेषितांना (स.) घरी येऊन एका जागी नमाज अदा करण्याची विनंती केली. कोठे नमाज अदा करू, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि त्यांनी दाखवलेल्या कोपऱ्यात ती अदा केली. त्या कोपऱ्यासाठी वेगळी खोली लागली नव्हती.

शेवटचा प्रश्न घराच्या आकाराचा. एक अंथरूण पुरुषाचे, एक पत्नीचे, तिसरे पाहुण्याचे आणि चौथे सैतानाचे, असा आशय हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. गरजेची मोजणी येथे शिकावी. हजरत हसन बसरी (रह.) तरुणपणी प्रेषितांच्या (स.) पत्नींच्या घरांत जात, तेव्हा त्यांचा हात छताला लागत असे. व्याजाचे कर्ज काढून दोन मजले चढवण्यापेक्षा पाया आणि कॉलम भक्कम घ्या, दोन खोल्यांत राहायला जा आणि हलाल कमाई येईल तसे घर वाढवा. अर्धवट गच्चीची लाज वाटू देऊ नका. सूरह बकराच्या २७९ व्या आयतीत व्याज न सोडणाऱ्यांविरुद्ध अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताकडून युद्धाची घोषणा आहे, तिचे भय बाळगा.

नकाशा मिस्त्रीच्या हाती देण्यापूर्वी एका संध्याकाळी तो घरातल्या सर्वांसमोर पसरा. आईला विचारा, पत्नीला विचारा, बहिणीला बोलावून घ्या, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही दाखवा. कागदावरची रेषा खोडरबराने पुसता येते. काँक्रीटमध्ये उतरलेला अन्याय पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो.

अल्लाह आपल्याला हलाल कमाईचे, हक्कदारांचे हक्क देऊन उभारलेले आणि मनाला स्वस्थता देणारे घर लाभू देवो. आमीन.