जुन्या वाहनाचा निरोप

जुनी मोटार देऊन नवी घेताना जीव तुटतो. हा मोह, की कृतज्ञता? पोळ्याला बैलापुढे हात जोडणारे आपण. दसऱ्याला मोटारीलाही झेंडूची माळ घालतो. मुदतीची 20 वर्षे भरून 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली, तेव्हा पुष्कळांना गहिवरून आले. त्यात लाज कसली?

पण प्रेमाची पारख एकच: त्यापायी दुसऱ्याला इजा होते काय? ज्येष्ठात निवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वराहून नगर, मिरजगाव, कर्जत अशी पंढरीस जाते. रस्त्याच्या कडेने म्हातारेकोतारे, डोईवर तुळस घेतलेल्या आयाबाया चालतात. ब्रेक धरीनासा झाला, तरी "वडिलांची गाडी" म्हणून तीच या वाटेवर हाकायची, हा निव्वळ मोह. आणि दोष झाकून ती गरजवंताच्या गळ्यात मारायची, ही तर लबाडी.

म्हणून नमस्कार करून निरोप द्यावा. घेणाऱ्याला दोष उघड सांगावा. चालवण्याजोगी नसेल तर मोडीत काढावी. नवीचाही गर्व नको, तीही जुनी होणारच. अहो, हा देह तरी काय? तेही वाहनच. चालते आहे तोवर पंढरीची वाट धरावी.

राम कृष्ण हरी.