आखाजीचे पहिले पान

गेल्या वारीत एका मुक्कामी दिंडीतल्या एका तरुण वारकऱ्याने मला प्रश्न केला. म्हणाला, "बाबा, आपण गळ्यात माळ घालतो, एकादशी धरतो, जिभेला आवर घाला म्हणून कीर्तनात ऐकतो. मग आखाजी आली की घरोघर मांडे, आमरस, कुरडया हा थाट कशाकरिता? हे जिभेचे लाड नव्हेत काय?" मी थकलो होतो. "अरे, देवाला नैवेद्य दाखवला की तो प्रसाद झाला, मग त्यात दोष नाही," असे ठरावीक उत्तर देऊन मी मोकळा झालो. पोरगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नाही हे मला दिसले. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. त्या उत्तराची चुटपुट तेव्हापासून मनाला लागून आहे. म्हणून हा लेख.

आमचे गाव पहूर. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघूर नदीच्या काठी. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आमच्या खानदेशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. सासुरवाशिणी माहेरी यायच्या. पाचोरा-जामनेर ही लहान रुळांची गाडी २०२० साली बंद पडली, तोपर्यंत पहूर स्टेशनावर आखाजीच्या आधी दोन दिवस नुसती लेकीबाळींची गर्दी असे. झाडांना झोके बांधले जात, गौराईची गाणी चालत. आमच्या आसोद्याच्या लेकी बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनाही ह्या सणावर गाणे रचावेसे वाटले, यावरून त्याचे मोल ध्यानात यावे.

पण आखाजी जशी लेकीची, तशीच ती पितरांचीही. त्या दिवशी नवी घागर भरून तिची पूजा करायची, तिच्यावर डांगर ठेवायचे, आणि दुपारी गोवरीच्या निखाऱ्यावर तूप अन् घास घालून पितरांच्या नावाने आगारी टाकायची. आगारी झाल्याशिवाय घरात कोणी घास तोंडात घालायचा नाही, असा दंडक. शिवाय सालदाराचे सालही ह्याच दिवशी संपायचे आणि नवे सुरू व्हायचे. म्हणजे पितरांचा हिशेब आणि सालदाराचा हिशेब एकाच दिवशी! ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे कामी येईल.

आता मांड्याविषयी दोन शब्द. इतर ठिकाणची पुरणपोळी पोळपाटावर लाटतात, तव्यावर भाजतात. आमचा मांडा हातावर होतो. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्राने गाळायचे, कणीक इतकी मळायची की ओढली तर तार सुटावी. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत वाढवत न्यायचा. पोळपाट नाही की लाटणे नाही. मग तो चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. खापर जरा जास्त तापले तर मांडा करपतो, कमी तापले तर चिकटतो. भाजला की त्याची घडी घालायची आणि आमरसाबरोबर किंवा दूध-तुपाबरोबर वाढायचा. वैशाखाचे ऊन, त्यात चुलीचा जाळ, आणि समोर ती बाई. सकाळी बसली की तिसऱ्या प्रहरापर्यंत उठत नाही.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. असे गोडधोड खाणे भक्तीला बाधक आहे काय?

संतांच्या चरित्रांत पाहावे तर अन्नाचा तिटकारा कोठे दिसत नाही. नामदेवरायांनी बालपणी नैवेद्य नेला तेव्हा 'देवा, तू जेव' म्हणून हट्ट धरला, आणि देव जेवला. काल्याच्या कीर्तनानंतर दही, लाह्या, पोहे एकत्र कालवून जो घास मिळतो त्यावाचून सप्ताह पुरा होत नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊनच वारकरी परत फिरतो. आणि मांड्याचेच म्हणाल तर तो आपल्या संप्रदायाच्या कथेतच आहे. आदिशक्ती मुक्ताबाईने भावंडांसाठी मांडे करायचे ठरवले. कुंभारवाड्यात खापर आणायला गेली. विसोबा चाटीने कुंभारांना आधीच ताकीद दिली होती की ह्या संन्याशाच्या पोरांना खापर द्यायचे नाही. मुक्ताई रडत घरी आली. तेव्हा ज्ञानोबांनी योगबळाने जठराग्नी चेतवला आणि 'माझ्या पाठीवर भाज' म्हणून सांगितले. विसोबाने हे पाहिले, त्याचा ताठा गळाला, आणि ज्यांना खापर नाकारले त्यांच्याच पानातले उष्टे त्याने प्रसाद म्हणून खाल्ले. पुढे हेच विसोबा खेचर नामदेवरायांचे गुरू झाले. महिपतीबुवांच्या 'भक्तविजया'त आलेली ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती मुक्ताई सन १२९७ मध्ये आमच्याच तापीच्या काठी मेहूणला गुप्त झाली, म्हणून तिचा मांडा आम्ही खानदेशकर जरा अधिक आपला मानतो.

ह्या कथेत दोषी कोण, हे आपण कधी नीट विचारले आहे काय? मांडे खावेसे वाटणाऱ्यांना कथा दोष देत नाही. एवढे मोठे विरक्त, पण त्यांना मांडे खावेसे वाटले म्हणून त्यांचे वैराग्य उणे ठरले नाही. दोषी ठरला तो खापर अडवणारा. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. पाप मांडा खाण्यात नाही, दुसऱ्याचे खापर अडवण्यात आहे.

अर्धे म्हणतो ते अशासाठी की, खापर अडवणारा विसोबा नेहमी परकाच असतो असे नाही. पुष्कळदा तो आपल्याच घरात, सोवळे नेसून, पाटावर बसलेला असतो. याची साक्ष मला घरातूनच द्यावी लागेल.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आखाजीचा दिवस. आमचा सालदार, त्याची बायको आणि तीन-चार वर्षांचे पोर सकाळपासून आमच्याकडेच होती. त्या बाईने आदल्या दिवशी गहू दळले होते, त्या दिवशी पाणी भरले होते, सरपण फोडले होते. पोर चुलीजवळच्या मांड्यांच्या चवडीकडे बघत ओट्यावर बसले होते. आगारीला उशीर झाला, कारण काका परगावहून यायचे होते. पोर आधी कुरकुरले, मग रडू लागले. बाई त्याला दटावू लागली. आजीने एक मांडा उचलला. वडील म्हणाले, "माय, आगारी व्हायची आहे. पितर उपाशी आहेत."

आजी म्हणाली, "पितर काय लेकरावानी रडतात का रे भाऊ? ते थांबतीन. हे लेकरू नाही थांबायचं." आणि तिने मांडा पोराच्या हातात दिला.

वडील काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत. ते वाईट मनुष्य नव्हते, हे मला येथे आवर्जून सांगितले पाहिजे. सालदाराचा दाणा त्यांनी कधी बुडवला नाही. आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होते. नियम म्हणजे नियम. आधी देव, आधी पितर, मग आपण, हा क्रम माणसाला थांबायला शिकवतो. भूक लागली की खाल्ले, हे तर जनावरही करते. समोर वाफाळते अन्न असता हात आवरून धरणे हीच त्या दिवसाची खरी पूजा आहे. हा क्रम मोडला तर सण उरणार नाही, नुसते खाणे उरेल. कांदेनवमीला कांदा खाऊन घ्यायचा, चातुर्मासात वांगे-कांदा सोडायचा, आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून मगच पुन्हा धरायचा, ह्या रीतीतही तेच शिक्षण आहे. नाहीतर 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असे व्हायला वेळ लागत नाही.

मग आजी चुकली काय? याचा निवाडा करायला मी पैठणला जातो. नाथमहाराजांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. रस्त्याने जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या कुटुंबाला त्या अन्नाचा वास आला, लेकरांच्या तोंडाला पाणी सुटले. नाथांनी श्राद्धाचे ते अन्न त्यांना वाढले. ब्राह्मण रागावले, जेवायला येईनात. तेव्हा प्रत्यक्ष पितरच येऊन पाटावर बसले, असे चरित्रकार सांगतात. कथेचा रोख स्पष्ट आहे. भुकेल्याला वाढल्याने पितर उपाशी राहिले नाहीत, उलट चालत घरी आले. माझ्या आजीला अक्षर येत नव्हते. पण ही कथा तिने कीर्तनात ऐकली होती, आणि ऐकलेली कथा वेळेवर आठवणे यालाच मी तरी श्रवणभक्ती म्हणतो.

तेव्हा वडिलांचा नियम आणि आजीची कृती यांत मला आता विरोध दिसत नाही. 'थांब' हा नियम ज्याने त्याने स्वतःला लावायचा आहे. मी थांबेन, माझी जीभ थांबेल, हा संयम. पण माझ्या नियमापायी दुसऱ्याचे लेकरू थांबले, तर त्याला संयम म्हणता येणार नाही. उपास आपला आपण करायचा असतो, दुसऱ्याकडून करवून घ्यायचा नसतो.

श्रावणात कानबाईचे रोट होतात, ते ज्याच्या त्याच्या भाऊबंदांनीच खायचे अशी रीत आहे. कुळाचार म्हणून ती असो. पण सप्ताहाच्या भंडाऱ्यात वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत बसते तेव्हा शेजारी कोण बसला हे आपण विचारत नाही. घरच्या सणालाही त्या पंगतीचा थोडा वारा लागावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

येथवर लिहून थांबलो असतो तर लेख बरा झाला असता, पण खरा झाला नसता. दोष वडिलांचा सांगितला, आता माझा सांगतो.

लग्नानंतर चाळीस वर्षांच्या वर माझ्या घरात आखाजीचे मांडे माझ्या पत्नीने केले. आगारी वेळेवर होई. सालदार, गडी, लेकरे, पाहुणे सारे पोटभर जेवत. त्यात मी आजीचा धडा कधी चुकू दिला नाही, आणि त्याचा मला मनातून अभिमानही होता. पंगतीला पहिला गरम मांडा माझ्या पानात पडे. ती तिसऱ्या प्रहरी उठे, तोंडावर पाणी मारी आणि चवडीच्या तळचे गार, फाटके मांडे घेऊन चुलीपाशीच बसे. हे मी दर साली पाहिले. पाहिले म्हणजे डोळ्यांसमोर होते, दिसले मात्र नाही.

पुढे तिचे गुडघे धरले. सूनबाई खापरावर बसू लागली. त्या आखाजीला आगारी झाली आणि सुनेने खापरावरून उतरलेला पहिला मांडा, वर तूप घालून, खाटेवर बसलेल्या सासूला नेऊन दिला. माझे पान अजून मांडायचे होते. तिने घास घेतला, जरा थांबली आणि सुनेला म्हणाली, "असा लागतो का व माय, गरम मांडा!"

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. हसून बोलली. पण मला त्या दिवशी वडिलांसारखेच झाले, जेवण गेले नाही. जन्मभर मुक्ताईच्या मांड्याची कथा ऐकली, चार लोकांत सांगितली, विसोबाला नावे ठेवली. आणि जिने चाळीस वर्षे चुलीपुढे पाठ शेकली तिने गरम मांडा कधी खाल्ला आहे काय, हे एकदाही विचारले नाही. मी खापर अडवले नव्हते, हे खरे. तिला खापर दिले, आणि त्यावरून कधी उठूच दिले नाही. पुढच्या आखाजीला ती नव्हती. घागरीपुढे आगारी टाकताना तिच्या नावाने पहिला गरम घास घातला. निखाऱ्याने तो घेतला. जिवंतपणी देता आला असता, तेव्हा मी पाटावर बसलो होतो.

म्हणून सज्जनहो, त्या तरुण वारकऱ्याला आज मी असे सांगेन: बाबा रे, मांडे जरूर करावे. लेकी माहेरी येतात, पितरांची आठवण होते, रुसलेले भाऊ एका पंगतीला बसतात, हे थोडे नाही. घरी होत नसतील तर विकतचे आणावे, त्यात कमीपणा नाही. गावोगावच्या बाया मांडे करून विकतात, त्यांच्या कष्टाचे दाम चोख द्यावे म्हणजे झाले. पण नैवेद्य दाखवल्यावर ताटावर बसण्याआधी एकदा घरात नजर फिरवावी. दारात कोणी भुकेले आहे काय? राबणाऱ्याचे लेकरू वाट पाहत आहे काय? आणि चुलीपुढे कोण बसले आहे? तिला उठवून पाटावर बसवावे, आणि तिच्यापुरते चार मांडे, जमतील तसे वेडेवाकडे, आपण भाजावे. करपले तरी चालतील. मला हे उशिरा सुचले. गेल्या आखाजीला सुनेसाठी मी खापरावर बसलो. पहिला मांडा फाटला, दुसरा चिकटला, तिसरा कसाबसा उतरला. सूनबाईने तो गरमागरम खाल्ला आणि म्हणाली, "बाबा, जमला हं." ती खरे बोलली की नाही, पांडुरंग जाणे.

जिभेचे लाड कशाला म्हणावे, ते मला आता एवढे कळले आहे. जो घास दुसऱ्याला थांबवून आपल्या तोंडात पडतो तो जिभेचा लाड. जो दुसऱ्याच्या तोंडात पडल्यावर आपल्याला गोड लागतो तो प्रसाद. मांडा एकच, पान कोणाचे आधी यावर सारे आहे.

रामकृष्णहरी.