धर्माद्याची ओळ

कापसाची पट्टी असो की कापडाचं बिल, हमाली, तोलाई, अडत या ओळींच्या खाली पूर्वी आणखी एक ओळ असायची : धर्मादा. निमाड, खानदेश, वऱ्हाड, सगळीकडच्या पेठांमधला हा जुना रिवाज. रक्कम किरकोळ, पण ती विक्रीच्या पैशात मिसळत नसे. व्यापाऱ्याच्या वहीत धर्माद्याचं खातं वेगळं असे आणि त्यातून गोशाळा, पाणपोया, धर्मशाळा चालत. बुऱ्हाणपूरसारख्या गावात राहणाऱ्याला व्यापार आणि दान यांची ही जवळीक नवी वाटत नाही. सतराव्या शतकात तावेर्निए या फ्रेंच प्रवाशानं इथलं तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात असल्याचं लिहून ठेवलं. आज त्याच गावात हजारो यंत्रमाग चालतात. खरेदी-विक्री हाच इथला श्वास आहे.

म्हणून वहीच्या, साबणाच्या, चहाच्या वेष्टनावर 'तुमच्या खरेदीतला काही भाग अमुक कार्यासाठी' असं छापलेलं दिसतं, तेव्हा मला ती जुनी ओळ आठवते आणि दोन्हींतला फरक अस्वस्थ करतो. 'क्लासमेट' वह्यांवर दर चार वह्यांमागे एक रुपया सामाजिक कामाला दिला जातो, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. आकडा स्पष्ट सांगितला, ही त्यातली चांगली गोष्ट. पण हिशेब करून पाहावा. वर्षाला डझनभर वह्या घेणाऱ्या मुलाच्या घरातून तीन रुपये गेले. बाकीच्या बहुतेक वेष्टनांवर तर आकडाही नसतो, नुसता 'काही भाग' असतो. तो किती, कुणाला, कधी दिला, हे विचारायची सोय गिऱ्हाइकाला नाही.

धर्माद्याच्या बाबतीत ती सोय कायद्यानं केलेली होती, हे फारसं कुणाला माहीत नसतं. बुऱ्हाणपूरहून राज्याची सीमा ओलांडून रावेरला गेलं की महाराष्ट्राचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा लागू होतो. त्याचं ५४ वं कलम खास धर्माद्यासाठी आहे. धंद्याच्या रिवाजानं, कोणत्याही नावानं, धर्मकार्यासाठी म्हणून जी रक्कम समोरच्याकडून घेतली जाते, तिचा व्यापारी मालक नसतो, विश्वस्त असतो. आणि त्यानं दर वर्षी तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे द्यायचा असतो. पुढे हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. बिलावर गोळा केलेला धर्मादा हे गिरणीचं उत्पन्न आहे, म्हणून त्यावर कर द्या, असं आयकर खात्याचं म्हणणं होतं. न्यायालयानं ते मानलं नाही. हा पैसा हातात पडला तेव्हापासूनच दानाचा होता, गिरणीचा कधी झालाच नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

या रिवाजात अन्याय नव्हता असं नाही. पट्टीतून धर्मादा कापताना शेतकऱ्याला कुणी विचारत नसे. त्याचे पैसे जात आणि धर्मशाळेच्या दारावरच्या पाटीवर नाव शेटजींचं लागे. देणारा एक, पुण्यवान म्हणून ओळखला जाणारा दुसरा. आजच्या वेष्टनांनी रिवाजातला हा दोष तेवढा उचलला आणि वेगळी ओळ, वेगळं खातं, वार्षिक हिशेब हे गुण मात्र सोडून दिले.

या नव्या पद्धतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९८३ चं आहे. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी अमेरिकन एक्सप्रेसनं कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर द्यायचं जाहीर केलं. सुमारे सतरा लाख डॉलर जमले आणि त्या काळात कार्डाचा वापर पाव हिश्शाहून अधिक वाढला. तेव्हापासून जगभरच्या कंपन्यांना कळलं, की सत्कार्य हे विक्रीचं उत्तम साधन आहे. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. त्याच्या नियमांत २०२१ साली स्पष्ट लिहिलं गेलं, की आपल्या मालाच्या प्रसिद्धीचा फायदा मिळवण्यासाठी केलेलं प्रायोजकत्व यात धरता येणार नाही. सरकारी नियमाला जी रेघ ओढता आली, ती आपल्या मनात का ओढली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

मिशिगन विद्यापीठातल्या प्राध्यापक आराधना कृष्णा यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की सत्कार्याशी जोडलेली वस्तू घेतल्यावर लोक थेट दान कमी करतात; एकूण मदतच घटू शकते. वस्तू घेताना माणूस मनातल्या मनात आपलं देणं फेडून मोकळा होतो. मला यातला सर्वांत मोठा धोका इथेच दिसतो. तीन रुपये कमी आहेत, ही तक्रार दुय्यम आहे. ते तीन रुपये पुढच्या तीनशेची जागा घेतात, हे खरं नुकसान.

शिवाय वेष्टनावर कोणतं दुःख छापायचं, हे विक्री ठरवते. हसऱ्या मुलीचा चेहरा छापला जातो. क्षयरोग्याचा खोकला साबणावर कोण छापणार? आणि यंत्रमागांच्या गावांत, जिथे दाटीवाटीच्या खोल्यांत कापसाची धूळ आणि माणसं एकत्र राहतात, तिथे क्षय हा लांबचा विषय नसतो. त्यासाठीही एक वस्तू विकली जात असे : क्षयाची तिकिटं. १९०४ मध्ये डेन्मार्कमधल्या आयनार होल्बॉल या टपाल कर्मचाऱ्यानं ही कल्पना काढली. आपल्याकडे क्षयरोग संघानं १९५० पासून ती चालवली. त्या तिकिटावर पत्र जात नसे. टपालाचं तिकीट वेगळं लावावं लागे. मला त्यातला सच्चेपणा फार मोलाचा वाटतो, कारण ते विकत घेणाऱ्याला आपण फक्त देत आहोत हे पक्कं ठाऊक असे. आता तर मधली वस्तूही लागत नाही. २०२२ पासून 'निक्षय मित्र' होऊन कुणालाही आपल्या जिल्ह्यातल्या क्षयरुग्णांच्या पोषण आहाराचा भार निदान सहा महिने उचलता येतो. सरकार रुग्णाला आहारासाठी महिना हजार रुपये देतं. औषधं पचवणाऱ्या शरीराला, आणि आजारपणात माग बंद पडलेल्या घराला, ते पुरत नाहीत.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग वस्तू घेऊन मदत करणं सोडूनच द्यावं का? नाही. इथे आनंदवनाची आठवण काढायला हवी. बाबा आमट्यांच्या वसाहतीत कुष्ठमुक्त माणसांनी पिकवलेली भाजी सुरुवातीला वरोऱ्याच्या बाजारात कुणी घेईना. संसर्गाची भीती. दान द्यायला तेव्हाही कुणाची हरकत नव्हती. दान लांबूनही टाकता येतं. पुढे परदेशातून आलेले स्वयंसेवक त्या माणसांसोबत राहिले, त्यांच्या हातचं जेवले, आणि मग गावाची भीती हळूहळू गेली. त्या भाजीची एक जुडी विकत घेण्यानं जे साधलं, ते कितीही मोठ्या देणगीनं साधलं नसतं. बनवणाऱ्या हातांना गिऱ्हाईक मिळालं. १९३५ मध्ये खादीचं काम करणाऱ्या चरखा संघानं कातणाऱ्या बायांची मजुरी वाढवली, तीही खादी महागणार हे माहीत असताना. तिथेही प्रश्न दानाचा नव्हता, बनवणाऱ्या हातांच्या मजुरीचा होता.

आमच्या बुऱ्हाणपुरात हा प्रश्न केळीच्या खोडातून आला आहे. घड उतरला की खोड निरुपयोगी. ते शेताबाहेर काढायचा खर्च वेगळा. आता बचत गटांच्या बाया त्याचं सोपट यंत्रातून काढून धागा करतात, तो धुऊन वाळवतात आणि पिशव्या, टोप्या, चटया बनवतात. प्रदर्शनात या पिशव्या लोक कौतुकानं घेतात आणि 'गरीब बायांना मदत झाली' म्हणतात. हे ऐकून मला राग येतो. त्या बाईनं घाम गाळून माल विकला आहे. तिला कुणी दान दिलेलं नाही. मदत म्हणून घेतलेली पिशवी कपाटात जाते. तिचा बंद उसवला तरी कुणी सांगायला येत नाही, म्हणून पुढची पिशवीही तशीच बनते. दिवाळीत भेट द्यायला कचेऱ्या एकदम ढीगभर मागवतात आणि संक्रांतीनंतर गटाचा फोन वाजत नाही. केळी मात्र बारा महिने कापली जाते.

तर या पिशव्या रोजच्या बाजाराला न्याव्यात, ओल्या भाजीनं त्या टिकतात का ते पाहावं, बंद आखूड वाटला तर गटाला तसं सांगावं, आणि चांगल्या निघाल्या तर पावसाळ्यात, कुणी मागत नाही तेव्हा, पुन्हा मागवाव्यात. निक्षय मित्राचे पैसे त्याच महिन्यात वेगळे भरावेत. आणि ज्यांच्या वेष्टनावर 'काही भाग' लिहिलेलं असतं, त्या कंपन्यांना एक पत्र टाकून विचारावं, की हा भाग किती रुपयांचा आणि त्याचा गेल्या वर्षीचा हिशेब कुठे पाहायला मिळेल.