चांभाराच्या घरीं उतरलेला पाहुणा

वाचावयाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें ९:४३, १०:१–२३



पेत्र यापो येथें शिमोन नांवाच्या एका चांभाराच्या घरीं पुष्कळ दिवस राहिला, एवढें वाचून आपण सहसा पुढें जातों. कारण पुढें चादरीचा दृष्टान्त आहे. आज आम्ही त्या घराच्या दारांतच थांबणार आहों.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडें कमावणारा असा आहे. हें काम आपल्या खेड्यांत बहुतकरून ढोर समाजाकडे असे. ज्यांच्या वडिलांनीं तें केलें त्यांस सांगावयास नको. पण तरुणांनीं तें पाहिलेलें नाहीं, म्हणून लिहितों. मेलेलें जनावर गांवाबाहेर ओढून नेणें व सोलणें हें महारांचें काम. मग तें कातडें चुन्याच्या पाण्यांत भिजवावयाचें, केस सुटले म्हणजे खरडून काढावयाचे, आणि बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यांत मुरवावयाचें. कित्येक ठिकाणीं कातड्याचीच पिशवी शिवून, तींत साल व काढा भरून ती टांगून ठेवीत. काढा झिरपत झिरपत कातड्यांत उतरे. ह्या कामाला फार दिवस लागत, आणि त्याचा वास अंगाला, कपड्याला, घरांतल्या भाकरीलासुद्धां सोडीत नसे. पुढें चांभार त्या कातड्याची मोट शिवी, मांग अंबाडीचा नाडा वळी, सुतार चाक करी, लोहार कडें घडवी. इतक्या घरांचे हात लागल्यावांचून मळ्यांत ओंजळभर पाणी जात नसे.

आणि तरी ज्यानें तें कातडें कमावलें, ज्यानें तो नाडा वळला, त्याला त्या विहिरीवर घागर भरण्याची मुभा नव्हती. मेलेल्या जनावराच्या कातड्यांतून वर आलेलें पाणी बाटत नसे. जिवंत माणसाच्या हातानें मात्र बाटे! सार्वजनिक तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सन १९२७ च्या मार्च महिन्यांत डॉक्टर आंबेडकरांबरोबर हजारों माणसांना महाडास जावें लागलें, तें ह्याचमुळें.

शिमोनाची स्थिति फार निराळी नसावी. मेलेल्या पशूला शिवणारा सायंकाळपर्यंत अशुद्ध, असें मोशेचें नियमशास्त्र. आणि शिमोनाचा तर तो रोजचा धंदा. त्याचें घर समुद्रकांठीं होतें. पाण्याच्या सोयीसाठीं असेल, अथवा शेजाऱ्यांना वास नको म्हणूनही असेल. पेत्र त्याच घराच्या धाब्यावर उभा राहून म्हणतो कीं, आपण अशुद्ध असें कांहीं कधींच खाल्लें नाहीं! खालीं कातडीं भिजत आहेत, आणि वर हें सोंवळें. आम्हांस येथें हसूं येतें, आणि लगेच तें ओसरतें. कारण देवदूतानें कर्नेल्यास पत्ता सांगितला तेव्हां शिमोनाचा धंदा वगळला नाहीं. तो आपणच वगळतों.

मोटा आतां राहिल्या नाहींत. इंजिनें व विजेचे पंप आले. महारकीसारखीं कनिष्ठ गांववतनें मुंबई राज्यानें सन १९५८ च्या कायद्यानें रद्द केलीं. पण सोयरिकीची बोलणी निघाली कीं आपल्याच मंडळ्यांत हळूच विचारतात, ‘ते मूळचे कोण?’ काहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका खेड्यांत प्रभुभोजनाच्या विधीस गेलों होतों. एक वृद्ध गृहस्थ दाराजवळ बसले होते, आणि सर्वांचें झाल्यावर शेवटीं पुढें आले. उपासनेनंतर आम्हीं कारण विचारलें. ते म्हणाले, “आमच्या घरचं काम दोर वळायचं, साहेब. पहिल्यापासून मागंच बसतो. सवय झाली.” त्यांनीं तें तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं. त्यांना पुढें बसवावें असें त्या दिवशीं तेथील कोणाच्या मनांत आलें नाहीं, आणि विधि चालूं असतां आमच्याही आलें नाहीं. आम्हीं नंतर विचारलें, तें नुसतें कुतूहल होतें. ही गोष्ट आम्हांस अजून टोंचते.

कर्नेल्याचे तिघे दारांत आले, दोन चाकर व एक शिपाई. पेत्रानें त्यांना आंत बोलावून त्यांचा पाहुणचार केला. घर पेत्राचें नव्हतें. कैसरियाहून चालत आलेल्या त्या माणसांना तहान लागली असेल. आणि त्या रात्रीं यहूदी प्रेषित व परराष्ट्रीय शिपाई, सर्वच जण शिमोनाच्या घागरींतलें पाणी प्याले असतील.