हात लावा आणि नाव लिहा

जाफराबादेत संग्रहालय व्हावं असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची कपाटं, कुलपं आणि ‘हात लावू नये’ ही पाटी येते. मला तसलं संग्रहालय नको आहे. केळणा-पूर्णेच्या संगमावरच्या या गावात असं घर हवं, की आलेला माणूस स्वतः काही घडवून, त्यावर आपलं नाव लिहूनच बाहेर पडेल.

नावाचा आग्रह मी मुद्दाम धरतो. गावाला नाव मिळालं ते जाफरखान सरदाराचं. गावच्या तटाचा दगड घडवणाऱ्या, चुना मळणाऱ्या माणसांचं नाव कुठंही नाही. देवळं, वाडे, बारवा, सगळीकडे हेच. बांधवून घेणारा इतिहासात जातो आणि बांधणारा मजुरी घेऊन घरी जातो. शेजारच्या भोकरदनला १९७३ साली उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतल्या पॉम्पेईला १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी अभ्यासकांनी तिचं साम्य दाखवलं. ती कोरणारा कारागीर मात्र निनावीच राहिला. पण याच भोकरदनची, म्हणजे जुन्या भोगवर्धनची माणसं सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देऊन आपली नावं दगडावर कोरून गेली आहेत. देणाऱ्याच्या नावाला दोन हजार वर्षांपूर्वी जागा होती, घडवणाऱ्याच्या नावाला आजही नाही.

आपल्या आयाबाया वाकळ शिवतात ते जवळ बसून पाहा. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, सुरकुत्या हातानं मोडायच्या, कडेपासून धावदोरा घालत मध्याकडे यायचं. कोणत्या रंगाशेजारी कोणता तुकडा शोभेल, हे त्या बाईला कुणी शिकवलेलं नसतं. कौतुक केलं तर ती म्हणते, ‘‘त्यात काय, फाटकं जोडलं.’’ हे तिच्या तोंडी आपण घातलं आहे. कुंभाराचं चाक, मातंगाचा दोर, चर्मकाराची वहाण यांना आपण बलुतं म्हटलं, कला म्हटलं नाही. हाताच्या कामाला जात चिकटवली आणि मग त्या हातांना हलकं ठरवलं. हा अन्याय भाषणांनी फिटणार नाही. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी मातीत हात घातला नाही, त्या पोरानं कुंभाराच्या पुढ्यात शिष्य म्हणून बसलं पाहिजे.

येणाऱ्याला नुसतं पाहू न देता सामील करून घेण्याचे प्रयोग झालेले आहेत. अहमदाबादला २०१३ पासून ‘कॉन्फ्लिक्टोरियम’ नावाचं संग्रहालय आहे. तिथं येणारे लोक माफीच्या चिठ्ठ्या लिहून झाडाला बांधतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला २००२ साली यायोई कुसामा या जपानी चित्रकर्तीनं एक पांढरीशुभ्र खोली मुलांच्या हवाली केली आणि मुलांनी रंगीत टिकल्या चिकटवून ती भरून टाकली. कल्पना सुंदर, पण टिकली कुठली हे आधीच ठरलेलं होतं. आपल्याला त्याच्या पुढं जायचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅं यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गावही टिपून ठेवलं. हा खरा आदर्श.

दर्जाचं काय, असं विचारलं जाईल. वाकडं मडकंही ठेवायचं का? ठेवायचं, घडवणाऱ्याच्या नावासह. कोणतं ठेवावं हे गावातल्या कारागिरांनी आणि बायकांनी ठरवावं, बाहेरच्या तज्ज्ञानं नव्हे.

मोठी इमारत लागत नाही. वापरात नसलेली एखादी शाळाखोली, नदीकाठची माती, एक चाक, ओव्या ध्वनिमुद्रित करायची सोय आणि कधीच पुरी न होणारी एक वाकळ. प्रत्येकानं आपला तुकडा जोडावा, दोऱ्यानं नाव घालावं. लिहिता येत नसेल त्यानं आपली खूण शिवावी. नगरपंचायतीनं खोली द्यावी, आणि शिकवणाऱ्या कारागिराचं मानधन त्याच दिवशी, रोख, सगळ्यांसमोर त्याच्या हातात द्यावं.