किल्ली कोणाच्या हाती?

निराधार वृद्धाला आसरा द्यावा, याविषयी आपणांत दुमत नाही. मतभेद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. आसरा म्हणजे नेमके काय द्यावे? खाट, दोन वेळचे जेवण आणि डोक्यावर छप्पर एवढे दिले म्हणजे आपले कर्तव्य पुरे झाले काय? की वृद्धाचाही आपल्या दारावर काही हक्क असतो? जे दार त्याला आतून लावता येते आणि ज्यावर दुसऱ्याने टकटक करूनच आत यावे लागते, ते घर. जेथे कोणीही केव्हाही आत येऊ शकतो ती जागा कितीही स्वच्छ असो, तेथे वृद्ध हा कायमचा पाहुणाच.

रायपूरचे उदाहरण घेऊ. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या भागाशी मराठी माणसाचा संबंध आहे. पुढे रेल्वे, शाळा व इस्पितळे यांच्या निमित्ताने आणखी मराठी कुटुंबे येथे आली, त्यांत ख्रिस्तीही होती. १ नोव्हेंबर २००० रोजी हे शहर छत्तीसगढची राजधानी झाले. राजधानी झाली की जमिनीला भाव येतो आणि घरभाडे वाढते. वृद्धाचे उत्पन्न मात्र जागच्या जागी राहते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू झाली, तेव्हा पासष्टीपुढील निराधारास दरमहा ७५ रुपये मिळत. पुढे वयोमर्यादा साठावर आली. ऐंशीच्या आतील वृद्धासाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आहे, आणि छत्तीसगढ शासनाने २०२३ साली निवृत्तिवेतनाची रक्कम ५०० रुपये केली. पाचशे रुपयांत रायपुरात राहण्याजोगी खोली भाड्याने मिळत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्री नको.

कायदा काय म्हणतो? आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयीचा २००७ चा कायदा पुष्कळांस ठाऊक आहे, तो मुलांकडून पोटगी मिळवून देणारा म्हणून. त्याच्या एकोणिसाव्या कलमात वृद्धाश्रमांची तरतूद आहे: राज्य शासन टप्प्याटप्प्याने, प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असे आश्रम उभारू शकेल. ‘उभारील’ नव्हे, ‘उभारू शकेल’. एका क्रियापदाच्या रूपात केवढी पळवाट मावते पाहा! परंतु तो शब्द बदलून प्रत्येक जिल्ह्यात आश्रम उभा राहिला तरी आपला प्रश्न उरतोच. पन्नास वर्षे एका गल्लीत राहिलेल्या विधवेचा रेशन दुकानदार, शेजारीण, चालत जाता येईल असे प्रार्थनामंदिर, औषध उधारीवर देणारा दुकानदार, हे सारे तिच्या घराचाच भाग असतात. तिला उचलून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले की छप्पर मिळते आणि बाकीचे सारे हरवते.

वृद्धाश्रमांची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. अंथरुणाला खिळलेल्यास शुश्रूषा हवी, आणि ती एकट्या खोलीत मिळत नाही. १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये जान झुगान या गरीब स्त्रीने एका आंधळ्या म्हातारीला आपल्या बिऱ्हाडी आणून स्वतःचा बिछाना दिला, आणि त्यातून गरिबांच्या लहान भगिनींचा संघ जन्मला. १८८२ साली तो कलकत्त्यासही आला. ध्यानात घ्या, तिने आश्रमाचा आराखडा काढून आरंभ केला नव्हता. आधी स्वतःची जागा सोडली.

पवित्र शास्त्रात शुनेमच्या बाईची गोष्ट आहे. अलीशा संदेष्टा वाटेने जाता-येता तिच्याकडे जेवत असे. ती संपन्न होती, तिचे घर मोठे असावे. एखाद्या कोपऱ्यात पथारी टाकून तिला भागवता आले असते. तिने नवऱ्याला सांगून माडीवर भिंती घालून वेगळी खोली करविली व तीत खाट, मेज, आसन आणि दिवा ठेवविला. दिवा कशाला? तर त्याला हवे तेव्हा उजेड करता यावा. उपकाराची परीक्षा अशा लहान वस्तूंत होते.

जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे याकोब फुगर नावाच्या सावकाराने १५२१ साली तेथील गरजू कॅथलिकांसाठी घरांची एक वसाहत स्थापिली. हा मनुष्य संत नव्हता. सम्राटाच्या निवडणुकीला पैसा पुरविणारा तो धनको होता. पण वसाहत पाचशे वर्षांनंतरही चालू आहे, आणि वर्षाचे भाडे आजही एक युरोच्या आत आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला रस्त्याकडून स्वतंत्र दार आहे. घंटेच्या ओढण्या निरनिराळ्या आकारांच्या आहेत, कारण रस्त्यांवर दिवे नव्हते तेव्हा अंधारात चाचपडत माणसाला आपले दार ओळखता यावे! भाडे नाममात्र आहे, पण ते आहे. भाडे देणारा भिकारी नसतो. त्याच्या हाती पावती असते.

आता पुन्हा रायपूर. मदत अगदीच नाही असे नव्हे. मध्य प्रदेशात असताना १९८४ साली एक कायदा झाला, त्यान्वये शहरातील सरकारी जमिनीवर राहणाऱ्या भूमिहीनास ५० चौरस मीटरपर्यंतच्या जागेचा पट्टा मिळू शके. ज्या म्हातारीच्या पेटीत तो जुना कागद आहे, तिचा पाया बळकट आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राकडून दीड लाख रुपये मिळतात. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. लग्न झालेल्या मुलाचे पक्के घर असले म्हणून विधवा आई आपोआप अपात्र ठरत नाही. हे न कळल्यामुळे कित्येक जणी अर्जच करीत नसतील. इमारतींतील घरांचे वाटप करताना वृद्ध व अपंगांना तळमजला किंवा खालचे मजले आधी द्यावेत असा नियम आहे. तोही मागितल्यावाचून मिळत नाही. परंतु उरलेली रक्कम भरण्यासाठी कर्ज लागते, आणि सत्तरीच्या माणसास वीस वर्षांचे कर्ज कोण देणार? २०२४ साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचाही विभाग आहे. माझ्या मते वृद्धांचे हित मालकीपेक्षा तेथेच अधिक आहे.

आणि आपल्या दाराशी काय चालले आहे? छत्तीसगढातील ख्रिस्ती मिशनकार्याच्या आरंभीच घराचा प्रश्न होता. १८६८ साली ऑस्कर लोर यांनी रायपूरच्या उत्तरेस जमीन घेऊन गाव वसविले व त्याला विश्रामपूर, विश्रांतीचे गाव, असे नाव दिले. घर सुटलेल्यांना तेथे जागा मिळाली. तसल्याच जमिनींवर देशभर मिशनच्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथे आया, कंपाउंडर, बायबल-बाई म्हणून आयुष्य घालविलेली माणसे संस्थेच्या खोल्यांत म्हातारी झाली. जमीन न्यासाच्या नावावर असल्याने बांधकामाचे अनुदान त्यांना मिळू शकत नाही, आणि नोकरी संपली म्हणून खोली सोडा असे सांगणारे पत्रही काही ठिकाणी येते. जागा देवाच्या कामासाठी हवी असते. येशूने ‘कुर्बान’ या शब्दाविषयी परूश्यांना काय सुनावले ते आपण जाणतो: देवाला वाहिले असे म्हणून आईबापांचे देणे बुडविता येत नाही. ज्यांनी संस्थेत जन्म घालविला त्यांचे देणे निराळे कसे?

आरंभीच्या मंडळीत अन्नवाटपात काही विधवांची उपेक्षा होऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी केवळ उपदेश केला नाही. सात माणसे नेमली. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात विधवांच्या यादीसाठी वय ठरविले आहे साठ, आमच्या निवृत्तिवेतनाचेच. अशी यादी आज किती मंडळ्यांकडे आहे? यादीनंतर माणूस लागतो. नगर निगमाच्या झोन कार्यालयात वृद्धेबरोबर जाणारा, झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने नाकारला तर दुसरा मार्ग विचारणारा, पक्के घर नसल्याचे शपथपत्र करून देणारा असा एक तरी. ज्याच्या घरात एक खोली रिकामी आहे त्याने ती कमी भाड्याने द्यावी, मंडळीने उरलेले भाडे भरावे, आणि करार लेखी असावा. लेखी करार असला की पत्त्याचा पुरावा होतो, आणि रेशनकार्डासाठी व बँकेत पत्ता नोंदवताना तोच लागतो. कुलपाची एक किल्ली भाडेकरूकडे राहील. दुसरी कोणाकडे ठेवावयाची, हे त्या म्हाताऱ्या बाईलाच विचारावे.