केसांचं वळण

केस बरे होत नाहीत. कातडीवरची जखम भरते, मोडलेलं हाड सांधतं, पण टाळूच्या बाहेर आलेला केस जिवंतच नसतो, मग तो बरा कसा होणार? जिवंत असतं ते मूळ. बाहेर दिसतो तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. शाम्पूच्या आणि मास्कच्या बाटलीवर 'रिपेअर' असं लिहिलेलं असतं, ती फार तर डागडुजी असते. केसावरचे उचकटलेले खवले थोडे खाली बसतात, वर गुळगुळीत थर चढतो आणि काही धुण्यांत तो निघूनही जातो.

रिबॉन्डिंगमध्ये काय होतं तेही एकदा समजून घ्यायला हवं. केराटिनच्या धाग्यात गंधकाचे बंध असतात. केसाचा आकार टिकून राहतो तो बराचसा त्यांच्यामुळे. आधी एका रसायनानं हे बंध तोडतात, मग तापलेल्या स्ट्रेटनरनं केस सरळ दाबतात, आणि दुसऱ्या रसायनानं बंध नव्या आकारात पुन्हा जोडतात. सगळेच बंध पुन्हा जुळत नाहीत. घरच्या स्ट्रेटनरचं तापमानही दोनशे अंशांपर्यंत सहज जातं. केस ओला असेल तर आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बारीक पोकळ्या तयार होतात आणि तो तिथून तुटतो. हे नुकसान कोणत्याही तेलानं किंवा सीरमनं मागे फिरत नाही. नवा केस मुळातून येतो तो मात्र त्याच्या जुन्या आकारातच येतो, कारण रसायन मुळाचा आकार बदलत नाही.

म्हणून मला हा प्रश्न सौंदर्याचा कमी आणि नीतीचा जास्त वाटतो. जे आपलं आहे, ज्याचं नुकसान झालंय आणि जे पूर्ववत होणार नाही, त्याच्याशी कसं वागायचं?

दोनदा रिबॉन्डिंग झालेले माझे केस गेलं सव्वा वर्ष मी नुसते वाढू देते आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे सध्या माझ्या डोक्यावर दोन बायका राहतात. कानाच्या खालपर्यंत कुरळी, आणि तिथून पुढे सरळ, कोरडी, टोकाला फाटलेली. सिडकोतल्या आमच्या गल्लीत 'आजारी होतीस का गं?' हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी फक्त हसते.

मुली केस सरळ का करून घेतात, याला 'न्यूनगंड' हे उत्तर फार स्वस्त आहे. लहानपणापासून कुरळ्या केसांच्या मुलीला ऐकू येणारं वाक्य 'तू कुरूप आहेस' असं नसतं. ते 'केस नीट विंचर' असं असतं. म्हणजे केस हा दिसण्याचा मुद्दा राहत नाही, तो शिस्तीचा होतो. विंचरल्यावरही पिंजारलेले दिसतात, म्हणजे हिनं विंचरलेच नाहीत. मग शाळेतल्या फोटोत केस दाबून बांधायचे. वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कंपनीत मुलाखतीला जायचं तर आदल्या दिवशी पार्लर गाठायचं. लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढायचा तर 'या वेळी तरी'. काही हजार रुपये मोजून 'नीटनेटकी' हा शेरा विकत मिळत असेल तर तो घेणं हा मूर्खपणा नाही, हिशेब आहे. चुकलेला असेलच तर तो हिशेब आजूबाजूच्यांचा आहे, ज्यांनी एका जातीच्या केसाला आपोआप पास केलं आणि दुसऱ्याला दर वेळी परीक्षेला बसवलं.

'बिग चॉप', 'ट्रान्झिशन' हे शब्द आपण रीलमधून उचलतो. ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या चळवळीतून आलेत. तिथे केसांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव होऊ नये म्हणून २०१९मध्ये कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला. आपल्याकडे असा उघड नियम सहसा कुणी करत नाही. आपल्याकडे काकू प्रेमानं सांगते. कायद्याशी भांडता येतं, काकूच्या प्रेमाशी भांडायचं कसं?

यात भाषाही सामील आहे. मराठीत सरळ माणूस म्हणजे चांगला माणूस. संस्कृतातून आलेला 'कुटिल' शब्द कुरळ्या केसांसाठीही वापरला जायचा आणि कपटी माणसासाठीही. पण याच मराठीत 'वळण' असाही शब्द आहे. वळण म्हणजे वाक, आणि वळण म्हणजे संस्कारही. अक्षर वळणदार असावं लागतं, मुलीला वळण असावं लागतं. केसांना मात्र स्वतःचं वळण असलं की आपल्याला ते बेवळण वाटतं. मला या शब्दाचा फार आधार वाटतो, कारण त्यात दोन अर्थ एकमेकांना चिकटून आहेत: एक वळण आपण लावतो, आणि एक वळण वस्तूत आधीपासून असतं. निगा राखणं म्हणजे या दोहोंचा मेळ घालणं असावं.

कुरळ्या केसांच्या बाजूनं साक्षीदार हवे असतील तर आमच्या जिल्ह्यात लांब जावं लागत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेणीत पद्मपाणीच्या काळ्याभोर बटा खांद्यावर उतरल्या आहेत. बुद्धाच्या मूर्तींच्या डोक्यावर शंखासारखी बारीक, उजवीकडे वळलेली कुरळी वेटोळी असतात. अजिंठ्याला जायला वेळ नसेल तर बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी बघा. तिथल्या तिसऱ्या लेणीत बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत, आणि त्यांच्या केशरचना बघत बसावं असं वाटतं.

पण या साक्षीवर खटला जिंकता येत नाही. एक तर, दीड हजार वर्षांपूर्वी कुणाला कुरळे केस आवडत होते म्हणून आज मला ते ठेवायचा हक्क मिळत नाही. पद्मपाणीचे केस सरळ असते तरी माझा हक्क तेवढाच राहिला असता. दुसरं, लेण्यांतल्या त्या केशरचना 'नैसर्गिक' अजिबात नाहीत. कुणीतरी बसून त्या बांधल्या आहेत, माळल्या आहेत, त्यात तास घातले आहेत. निसर्गाचं नाव घेऊन आपण ज्याची बाजू मांडतो, त्यात माणसाचा हात आधीपासून असतो.

आणि नुसता निसर्ग काय करतो याचं उदाहरणही महाराष्ट्रात आहे. केसांना हात लावला नाही, विंचरले नाहीत, तर ते एकमेकांत गुंततात आणि जट होते. यापेक्षा नैसर्गिक काही असू शकत नाही. त्या जटेला देवीचा कौल मानून किती बायकांनी वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वाहिलं. मान आखडायची, उवा व्हायच्या, आत जखमा व्हायच्या, आणि जट कापली तर देवी कोपेल ही भीती असायची. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी अशा दोनशेहून अधिक बायकांच्या जटा काढल्या आहेत. त्यांच्या कामात कात्री सगळ्यात शेवटी येते. आधी त्या बाईशी आणि तिच्या घरच्यांशी बोलावं लागतं, भीती समजून घ्यावी लागते, तिचा होकार मिळवावा लागतो.

म्हणून 'नैसर्गिक केस चांगले, सरळ केलेले वाईट' हे सूत्र मला पुरत नाही. जट नैसर्गिक आहे आणि ती बेडी आहे. वेणी कृत्रिम आहे आणि ती माया असू शकते. विचारायचं ते वेगळंच आहे: हा निर्णय कुणाचा, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

निर्णय कुणाचा, हा प्रश्न मराठी समाजाला एकदा न्हाव्यांनी विचारला होता. विधवेचं केशवपन करायची रूढी ब्राह्मण आणि काही इतर जातींत होती. त्या बाईला कुणी विचारत नव्हतं. १८९०मध्ये मुंबईत कामगारनेते आणि सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी ठरवलं की आम्ही विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवणार नाही. डोकं दुसऱ्याचं होतं, रूढी दुसऱ्यांची होती, पण वस्तरा आमच्या हातात आहे, एवढं त्यांनी ओळखलं. केस ही एकट्याची बाब नसते. त्यात नेहमी दुसरा एक हात असतो.

आज तो दुसरा हात पार्लरमधल्या मुलीचा आहे. केस सरळ करण्याच्या काही उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर ते बाहेर पडतं, आणि फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मान्य केलेलं आहे. अमेरिकेतल्या ३३,४९७ बायकांच्या २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा स्ट्रेटनिंगची उत्पादनं वापरणाऱ्यांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे ४ टक्के निघालं, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये १.६ टक्के. हा संबंध दिसला, कारण सिद्ध झालं असं नाही. तरी माझ्या मनात राहतं ते हे की मी तो धूर वर्षातून दोन-तीन तास घेते. दार-खिडक्या लावलेल्या एसी खोलीत ती मुलगी तो रोज घेते, आणि ती बहुतेकदा माझ्यापेक्षा लहान असते. 'माझे केस, माझी मर्जी' हे वाक्य खरं आहे, पण ते तिच्या फुप्फुसांपाशी येऊन थांबतं.

आता दुसऱ्या बाजूचा सापळा. कुरळ्या केसांची निगा राखायची म्हणून इंटरनेटवर जाल तर तिथेही बाजार मांडलेलाच आहे. सल्फेट नसलेला शाम्पू, दोन प्रकारचे कंडिशनर, क्रीम, जेल, डिफ्यूझर, सॅटिनची उशी. शिवाय प्रत्येक व्हिडिओत शॉवर धो धो चालू. आमच्याकडे जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि नळाला पाणी कधी पाच, कधी आठ दिवसांनी येतं. मधल्या दिवसांत बोअरचं पाणी. ते इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, आणि तोच थर केसांवरही बसतो. घरातल्या पाचजणांनी जपून वापरलेल्या पाण्यातून माझ्या केसांसाठी तीन बादल्या काढणं ही स्वतःवरची माया नव्हे. त्याला आमच्या घरात दुसरा शब्द आहे.

मग निगा बादलीच्या मापात बसवावी लागते. धुणं आठवड्यातून एकदा. शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे, त्यासाठी राखून ठेवलेले. गुंता कंडिशनर लावलेला असतानाच, बोटांनी, टोकाकडून वर सोडवायचा. पुसायला टॉवेलऐवजी जुना सुती टी-शर्ट. आणि धुण्याआधी खोबरेल. खोबरेल धुण्याआधी लावलं तर केसातलं प्रथिन कमी वाहून जातं, असं मॅरिको कंपनीच्या मुंबईतल्या संशोधकांनी २००३मध्ये दाखवलं होतं. तेल विकणाऱ्या कंपनीनंच केलेला अभ्यास आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा. पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतात. इथे सरळपणाचा असा उपयोग झालेला बघून मला गंमत वाटली.

माझी आजी रोज दुपारी तिच्या उंदराच्या शेपटीएवढ्या वेणीला तेल लावते. मी एकदा तिला विचारलं, "आजी, आता वाढणार आहेत का गं ते?" ती म्हणाली, "वाढायला कुठं लावते बाई. जे हायेत ते सांभाळते."

मला वाटतं, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर याच्या आसपास आहे. आपण निगेला नेहमी सुधारणेशी जोडतो. तेल लावायचं ते केस वाढावेत म्हणून, व्यायाम करायचा तो बारीक व्हावं म्हणून, बोलायचं ते माणूस बदलावा म्हणून. सुधारणा होणार नसेल तर निगा वाया गेली असं वाटतं. माझ्या केसांचा खालचा अर्धा भाग सुधारणार नाही. तो वर्षभरात कापला जाईल. तरीही त्याला तेल लागतं, त्याचा गुंता सोडवावा लागतो, कारण तो ओरबाडला तर वरचा नवा केसही दुखतो. जे जाणार आहे त्याच्याशी नीट वागणं, हा नव्याला जपण्याचाच भाग आहे. 'स्वतःला स्वीकारा' असं पोस्टरवर लिहिलेलं असतं तेव्हा तो एका सकाळी घडणारा चमत्कार वाटतो. प्रत्यक्षात तो महिन्याला सव्वा सेंटिमीटर या वेगानं होतो, आणि मधले कित्येक महिने आरशात दोन्ही एकदम दिसतात.

उद्या एखादी मैत्रीण म्हणाली की मी स्ट्रेटनिंग करायला चालले आहे, तर मी तिला अडवणार नाही. तीन गोष्टी विचारीन. नाही केलंस तर काही बिघडेल का, आणि बिघडणार असेल तर ते कोण बिघडवणार आहे? त्या पार्लरला खिडकी आहे का? आणि नंतर वर्षभर या केसांना रोज हात लावायला वेळ काढशील का? उत्तरं तिची. गुंता झालाच तर माझ्याकडे मोठ्या दातांचा कंगवा आहे.